जलद डीएनए यंत्र की न्यायसहायक प्रयोगशाळा: निधी मंजूर करण्यापूर्वी

अमेरिकेत शहराचे किंवा काउंटीचे पोलीस जलद डीएनए यंत्रासाठी निधी मागतात, तेव्हा मंजुरी देणाऱ्यांपुढे प्रामुख्याने वेगाचा मुद्दा मांडला जातो. गालाच्या आतून घेतलेल्या स्वॅबपासून सुमारे दोन तासांत डीएनए आलेख, म्हणजे व्यक्तीची ओळख पटवणारी डीएनएची खूण, मिळतो. प्रयोगशाळेत प्रकरणे साचली असतील, तर त्याच कामाला महिनेही लागतात.

अटक झालेल्या व्यक्तीच्या नमुन्यासाठी यंत्र पुरेसे आहे, कारण त्यात डीएनए भरपूर व एकाच माणसाचा असतो आणि काही चुकल्यास स्वॅब पुन्हा घेता येतो. असा आलेख पोलीस ठाण्यातूनच ‘कोडिस’ या डीएनए आलेखांच्या राष्ट्रीय संग्रहाशी ताडून पाहण्याचा मार्ग 2017च्या कायद्याने खुला केला. कायद्याची अडचण नेमकी वेगातूनच उद्भवते. ‘मेरीलँड विरुद्ध किंग’ या 2013च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यातील अटकेनंतर स्वॅब घेणे पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवले. मात्र मेरीलँड राज्याच्या कायद्यात न्यायालयापुढील पहिल्या हजेरीपूर्वी, संमतीशिवाय, नमुना तपासण्यास मनाई होती आणि दोष सिद्ध न झाल्यास तो नष्ट करण्याची तरतूद होती. दोन तासांत निकाल देणारे यंत्र पहिल्या हजेरीआधीच तपासणी करून ही मर्यादा नकळत ओलांडू शकते, त्यामुळे आपल्या राज्यात तपासणीची मुभा केव्हापासून आहे, हे आधी पाहावे.

घटनास्थळावरील नमुन्यांसाठी मी प्रयोगशाळाच निवडेन. तिथे अनेकांचे डीएनए मिसळलेले किंवा अत्यल्प असू शकते; प्रयोगशाळा आधी त्याचे प्रमाण मोजते आणि शक्य तेव्हा काही भाग राखून ठेवते. यंत्रात घातलेला स्वॅब बहुधा खर्ची पडतो आणि बचाव पक्षाची फेरतपासणीची संधी त्याबरोबर जाते. 1 जुलै 2025 पासून लागू झालेल्या एफबीआयच्या मानकांनी असे नमुने यंत्रात तपासण्यासही वाव दिला असला, तरी प्रयोगशाळेचा सहभाग सुटलेला नाही.

मला सर्वाधिक चिंता वाटते ती काही पोलीस दलांनी कोडिसबाहेर उभारलेल्या स्थानिक संग्रहांची. तिथे रस्त्यात थांबवलेल्या माणसाने पोलिसांसमोर दिलेली ‘संमती’ही ग्राह्य धरली जाऊ शकते आणि कोडिसमधून आलेख वगळण्याचे संघीय नियम तिथे लागू होत नाहीत.

आपत्तीतील मृतांची ओळख पटवताना मात्र यंत्राचा उपयोग निर्विवाद आहे. कॅलिफोर्नियातील 2018च्या ‘कॅम्प फायर’ वणव्यात 85 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा नातेवाइकांच्या नमुन्यांशी अवशेष जुळवण्यासाठी हेच तंत्र वापरले गेले. त्या नातेवाइकांचे आलेख गुन्हे तपासासाठी वापरले जाणार नाहीत, ही अट निधीच्या ठरावातच लिहून घ्यावी.