घारापुरी: लेण्याला पाच तारे, स्वागताला अडीच

रविवारी रात्री जळगाव-भुसावळहून गाडी धरायची, पहाटे सीएसएमटीला उतरायचं, चहा घेऊन नऊच्या लाँचला गेटवे. खान्देशातून निघणाऱ्या सहलींचा हा ठरलेला बेत, आणि नेमका तोच फसतो. सोमवारी घारापुरीची, म्हणजे एलिफंटाची, लेणी बंद असतात. ही गोष्ट धक्क्यावर कळून काय उपयोग? शनिवारी रात्री निघा.

लेण्यांबद्दल तक्रार नाहीच. 1987 पासून जागतिक वारशात आहेत. मोठ्या लेण्यात शिरल्याबरोबर मोबाइल काढू नका. दोन-तीन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. मग मागच्या भिंतीतली तीन मुखांची, सुमारे वीस फुटी महेशमूर्ती हळूहळू वर येते. डावीकडच्या मुखाच्या मिशा आणि हातातला नाग, उजवीकडच्या मुखाच्या हातातलं कमळ, हे तेव्हा कुठे दिसतं.

गोंधळ आहे तो तिथवर पोचण्याचा. लाँचला तासभर. मग लांबलचक जेट्टी, तिच्यावरून चालत किंवा छोट्या गाडीने. पुढे ग्रामपंचायतीचा कर, मग दोन्ही बाजूंच्या दुकानांमधून सुमारे 120 पायऱ्या, आणि लेण्याचं 40 रुपयांचं तिकीट सगळ्यात वर. चार ठिकाणी पाकीट काढावं लागतं, म्हणून सुटे ठेवा. गुडघे दुखणाऱ्या आजींना पायऱ्यांचा आकडा समुद्र ओलांडल्यावर कळतो. डोली मिळते, पण दर आधी ठरवा. दशम्या-चटणीची पिशवी हातात लोंबकळत नेऊ नका. माकडं आधी पिशवीकडे बघतात, मग तुमच्याकडे. आणि लाँचमध्ये लाइफजॅकेट मागून घ्या, नुसतं मांडीवर न ठेवता बंद बांधा.

थोडक्यात, बेटावरचं स्वागत बेटावर करायचं नसतं, अलीकडच्या काठावर करायचं असतं. आपल्याकडे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला पर्यटकांसाठी कधी केंद्र आखलं, तर घारापुरीतून हेच उचलावं. चांगदेव बेट नाही, पण हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळे पाण्याचं गणित तसंच आहे. चांगदेवचं मंदिर संरक्षित स्मारक असल्याने 100 मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही, त्यापुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. हे नकाशावर आधी आखा. आराखडा झाल्यावर आखलं की सगळं पुन्हा काढावं लागतं.

पक्क्या धक्क्याच्या मोहात पडू नका. पावसाळ्यात हतनूरचे 41 दरवाजे हलले की पातळी बदलते, उन्हाळ्यात पाणी मागे सरकून मधे गाळ उरतो आणि धक्का कोरड्यावर राहतो. तरंगता धक्का, त्याला खालीवर होणारी उताराची फळी, एवढं पुरे. इमारतीखालची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, फरशी उचलते. ती काढून मुरूम ठोकून भरल्याशिवाय कोबा करू नये. वर नुसता पत्रा टाकला तर मे महिन्यात आत कोणी बसणार नाही. पत्र्यावर फूटभर अंतर सोडून दुसरं छप्पर घ्या, मधून वारा खेळू द्या.

होडीत 30 माणसं मावत असतील तर सावलीत बसायला 60 ची जागा हवी: एक खेप निघायच्या तयारीत, दुसरी तिकीट काढतेय. पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह तिकीट खिडकीच्या अलीकडे, कारण रांगेत लागलेला माणूस जागा सोडत नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेचा हिशेब मात्र यात धरू नका. त्या गर्दीला तात्पुरता मांडवच लागतो, तिच्या मापाने इमारत बांधली तर उरलेलं वर्ष तिथे कबुतरं राहतील.

आणि मोठी पाटी काठावर नको, मुक्ताईनगरच्या बसस्थानकावर हवी: सुट्टीचा वार, पायऱ्या किती, परतीची शेवटची होडी किती वाजता.