कोल्हापुरातून बीएसडी सर्व्हर घेताना: व्हल्टर, मुंबई

बीएसडी (युनिक्स घराण्यातल्या फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी अशा ऑपरेटिंग सिस्टिम) चालवायला भाड्याचा सर्व्हर देणारी कंपनी निवडताना आधी दोनच गोष्टी बघा: स्वतःची आयएसओ (इन्स्टॉल करायची डिस्क-फाइल) चढवता येते का आणि ब्राउझरमध्ये कन्सोल, म्हणजे नेटवर्क बंद पडलं तरी दिसणारा सर्व्हरचा स्क्रीन, मिळतो का. डिजिटलओशननं 2022 मध्ये फ्रीबीएसडीची तयार इमेज (आधीच बसवलेली सिस्टिम) बंद केली. नुसत्या इमेजच्या भरवशावर राहू नये.

व्हल्टरकडे फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी दोन्ही तयार मिळतात, आयएसओही चालते आणि डेटा सेंटर मुंबईत आहे. शिरोली एमआयडीसीतल्या ऑफिसातून एसएसएचवर (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची पद्धत) दिवसभर काम करायचं तर जवळच्या सर्व्हरचा हा फरक जाणवतो. ओपनबीएसडी अॅमस्टरडॅम ही दुसरी सर्व्हर सेवा खुद्द ओपनबीएसडीच्या व्हीएमएमवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी यंत्रणा) चालते, मनापासून आवडावं असं. पण अंतर पडतंच.

खरी गोची पीएफमध्ये, म्हणजे बीएसडीच्या फायरवॉलमध्ये होते. व्हल्टरवर नेटवर्क कार्डाचं नाव फ्रीबीएसडीत व्हीटीनेट0, ओपनबीएसडीत व्हीआयओ0. जुन्या मशीनवरची ईएम0 (तिथल्या कार्डाचं नाव) वाली नियमांची फाइल तशीच चिकटवली की तुम्ही सर्व्हरच्या बाहेर. 'पीएफसीटीएल -एनएफ' फक्त व्याकरण तपासतं, चुकीचं कार्ड पकडत नाही. म्हणून नियम लावण्याआधी दोन मिनिटांनी 'पीएफसीटीएल -डी' चालून पीएफ बंद होईल अशी कमांड मागे सोडून ठेवा. नव्या विंडोतून लॉगिन झालं की ती मारून टाका.

1 जीबी रॅमवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम हवीच असेल तर एआरसीची (रॅममधला तिचा कॅशे) कमाल मर्यादा 256 एमबी ठेवा. नाहीतर साधी, हलकी यूएफएस बरी.

खटकणाऱ्या गोष्टी: व्हल्टरचं बिल डॉलरमध्ये येतं आणि मेल पाठवायचं पोर्ट 25 सुरुवातीला बंद असतं. मेल सर्व्हर टाकायचा असेल तर पैसे गुंतवण्याआधी सपोर्टला तिकीट (विनंती) टाकून ते उघडून घ्या.