दाभोळ–धोपावे फेरीबोट : पत्नीच्या पन्नाशीच्या प्रवासातील सर्वांत सुंदर टप्पा

पत्नीच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त आम्ही पाच जण पुण्याहून मोटारीने ताम्हिणी घाटातून कोकणात उतरलो आणि दापोलीत एक मुक्काम करून गुहागरकडे निघालो. दापोलीहून गुहागरला रस्त्याने जायचे तर चिपळूणमार्गे मोठा वळसा पडतो. दाभोळला वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तेथे फेरीबोट मात्र मोटारीसह पलीकडे धोपाव्याला नेऊन सोडते.

उतरत्या धक्क्यावरून मोटार उलटी घेत बोटीवर चढवताना माझ्यावर दडपण आले होते, परंतु कर्मचाऱ्यांनी हाताच्या खुणांनी ज्या शांतपणे मार्गदर्शन केले, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. सासूबाईंना त्यांनी हाताला धरून वरच्या मजल्यावरील बाकापर्यंत नेले. दाभोळच्या काठावरची आदिलशाहीकालीन मशीद मागे पडू लागली, तेव्हा कठड्याशी उभी असलेली पत्नी मला म्हणाली, "अहो, एवढा निवांतपणा किती वर्षांनी मिळाला!" तिच्यासाठी आणलेली साडी मी तिला तेथेच दिली.

प्रवास जेमतेम पंधरा मिनिटांचा आहे. सुट्टीच्या दिवशी रांग लागते, म्हणून थोडे लवकर पोहोचावे आणि मोटारीत बसून न राहता वर अवश्य जावे.