पहिलं कुठलं ऐकावं: 'युरोप ७२' की 'कॉर्नेल ५/८/७७'?

ग्रेटफुल डेड ऐकायला घ्यायचं ठरवलं की माणूस पहिल्या पायरीवरच अडतो. कॅलिफोर्नियातला हा बँड १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षं वाजवत होता. ब्लूज, कंट्री, ब्लूग्रास, जॅझ, जुनी लोकगीतं, सगळं एकाच रात्रीत यायचं. स्टुडिओतल्या अल्बममध्ये हे लोक अर्धेच भेटतात, त्यामुळे जाणकार सांगतात की लाइव्ह ऐका. पण लाइव्ह रेकॉर्डिंगचा नुसता डोंगर आहे. त्यातली दोन नावं सगळ्यात जास्त वेळा कानावर पडतात: १९७२ सालच्या युरोप दौऱ्यातलं 'युरोप ७२' आणि कॉर्नेल विद्यापीठातल्या ८ मे १९७७ च्या रात्रीचं 'कॉर्नेल'. दोन्ही आता स्वच्छ करून, नव्याने मास्टर करून मिळतात. 'युरोप' पन्नास वर्षं झाली म्हणून २०२२ मध्ये आलं, 'कॉर्नेल' २०१७ मध्ये.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिल्यांदा घेत असाल तर 'युरोप ७२' घ्या. रात्र म्हणून कॉर्नेलची मोठी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आपल्याकडे बंदिश ओळखीची झाली की विस्तारात जास्त रस येतो, तसंच इथेही आहे. ज्याला मूळ गाणंच माहीत नाही त्याला पंधरा मिनिटांचा विस्तार नुसता लांबलेला वाटतो. आणि गाणी कळायला 'युरोप'सारखी दुसरी जागा नाही.

या बँडची काही उत्तमोत्तम गाणी स्टुडिओत कधी झालीच नाहीत. 'ही'ज गॉन', 'जॅक स्ट्रॉ', 'ब्राउन-आइड विमेन', 'रँबल ऑन रोज', 'टेनेसी जेड' ही सगळी लोकांपर्यंत पहिल्यांदा पोचली ती याच तीन रेकॉर्ड्सच्या संचातून. म्हणजे हा दौऱ्याचा अल्बम असला तरी नव्या गाण्यांचाही अल्बम आहे. शिवाय त्यात 'पिगपेन' आहे. ऑर्गन आणि हार्मोनिका वाजवणारा, ब्लूज गाणारा हा माणूस बँडच्या स्थापनेपासूनचा. युरोपचा दौरा होता तेव्हा तो आजारी होता आणि मार्च १९७३ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. 'हर्ट्स मी टू'मध्ये त्याचा आवाज ऐका. कुठेही जोर लावलेला नाही, समोर बसून सांगितल्यासारखं गातो. कॉर्नेलच्या रात्री ही जागा रिकामी आहे आणि ती मला दर वेळी जाणवते. ('युरोप'ची २००३ ची सीडी कुठे जुन्या बाजारात दिसली तर सोडू नका. मूळ संचात नसलेलं पिगपेनचं 'द स्ट्रेंजर' तीत जोडलेलं आहे.)

आता ध्वनिमुद्रणाकडे येते, कारण दोन्ही अल्बममधला खरा फरक तिथे आहे. युरोपच्या दौऱ्यात एप्रिल-मे १९७२ मध्ये बावीस कार्यक्रम झाले आणि ते सोळा ट्रॅकवर टेप केले गेले. म्हणजे गिटार वेगळी, पियानो वेगळा, प्रत्येक गळा वेगळा. परत आल्यावर बँडने स्टुडिओत बसून बराचसा गायनाचा भाग पुन्हा गाऊन त्यावर चढवला. 'युरोप'मधले गळे इतके सुरात मिळालेले वाटतात ते त्यामुळे. काहींना ही फसवणूक वाटते. मला वाटत नाही, कारण बहुतेक वाद्यं त्या त्या रात्रीचीच आहेत. पण पैसे मोजणाऱ्याला हे माहीत असावं.

कॉर्नेलचं सगळंच उलटं. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईने न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये, ती रात्र थेट दोन ट्रॅकवर उतरवली. त्या क्षणी तिच्या कानांनी जो तोल ठरवला तोच टेपवर गेला. नंतर गिटार थोडी वर घेऊ, ड्रम थोडे खाली करू, असं काही करायची सोयच नाही. चुकलेला शब्द, बँडची गायिका डॉना हिचा एखादा निसटलेला स्वर, सगळं तसंच आहे. आणि तरीही बेस इतका गोल आणि स्पष्ट ऐकू येतो की त्या बाईच्या कानांपुढे हात जोडावेत. पुढे तिच्या टेप ज्या गोदामात होत्या तिथलं भाडं थकलं, माल लिलावात गेला, आणि टेप कित्येक वर्षं बँडच्या ताब्याबाहेर राहिल्या. रसिकांनी हातोहात केलेल्या नकलांवरच ही रात्र गाजली, इतकी की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत घेतलं, तेही अधिकृत अल्बम निघण्याआधी.

रीमास्टरने नेमकं काय साधलं, असं कुणी विचारलं तर मी कीथ गॉडशोच्या पियानोकडे बोट दाखवीन. टेपयंत्राची गती किंचित जरी डळमळली तरी पियानोचा लांबलेला स्वर थरथरतो. गिटारवर ते लपून जातं, पियानोवर लपत नाही. मुद्रण करताना टेपवर कानाला ऐकू न येणारा एक अतिउच्च स्वर उमटलेला असतो. तो वाचून मूळ गती शोधायचं तंत्र दोन्ही संचांसाठी वापरलंय. हेडफोन लावून 'युरोप'मधलं 'ही'ज गॉन' ऐका, मागचा पियानो आता जागेवर उभा आहे.

दोन्ही अल्बममध्ये चार गाणी समान आहेत, त्यातल्या 'मॉर्निंग ड्यू'वर सगळा निवाडा करता येईल. बॉनी डॉब्सन या कॅनडाच्या गायिकेचं हे गाणं. अणुयुद्धानंतर उरलेल्या दोन माणसांचं बोलणं. 'युरोप'मधलं २६ मे १९७२ चं आहे, लंडनच्या लायसियममधलं, दौऱ्याच्या शेवटच्या रात्रीचं. दहा मिनिटांच्या थोडं वर. ड्रमवर एकटा बिल क्रॉइट्समन, त्यामुळे दोन ओळींच्या मधे भरपूर मोकळी जागा, आणि गिटारवर जेरी गार्सिया त्या जागेत एकेक स्वर ठेवत जातो. कॉर्नेलचं चौदा मिनिटांच्या आसपास. इथे दुसरा ड्रमवाला मिकी हार्ट बँडमध्ये परतलेला आहे, म्हणजे दोन ड्रमवाले आहेत. गार्सिया शेवटाकडे अगदी हळू बोटांनी सुरुवात करतो, मग तारांवर झरझर हात फिरवत वर, आणखी वर, आणि हे आता तुटणार असं वाटत असतानाच सगळा बँड एकदम कोसळतो. लायसियमचं ऐकून मी बराच वेळ गप्प राहते. कॉर्नेलचं ऐकताना श्वास रोखला जातो. मनात जास्त टिकतं ते मला लायसियमचं, पण इथे दोघांचं एकमत होणार नाही आणि होऊ नये.

कॉर्नेलमध्ये मात्र एक गोष्ट अशी आहे जी 'युरोप'मध्ये शोधून सापडणार नाही, आणि आपल्या कानांना ती विशेष जवळची वाटेल. 'स्कार्लेट बेगोनियाज'मधून न थांबता 'फायर ऑन द माउंटन' सुरू होतं, मिळून पंचवीस मिनिटांहून जास्त. हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकला होता. १९७६ मध्ये त्याने झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'दिगा' नावाची रेकॉर्ड काढली आणि तिच्यातल्या एका तालवाद्यांच्या तुकड्यातून हे गाणं उगवलं. म्हणजे मूळ शोधत गेलं तर एक धागा मुंबईच्या तबल्यापर्यंत येतो. गाणं जवळजवळ दोनच कॉर्ड्सवर फिरतं, तबल्यामागे लेहरा फिरावा तसं. आवर्तन तेच, वर गार्सियाची गिटार दर फेरीला नवी. तबला ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही त्यातले असाल आणि गाण्यांच्या शब्दांपेक्षा वाजवण्याकडेच ओढ असेल, तर माझा वरचा सल्ला बाजूला ठेवा आणि थेट 'कॉर्नेल' घ्या.

बाकी व्यवहार थोडक्यात. 'युरोप'च्या सहा बाजू आहेत, वेगवेगळ्या शहरांतल्या निवडलेल्या. एका संध्याकाळी एक बाजू ऐकून बंद केली तरी काही तुटत नाही. 'कॉर्नेल' ही एकच बैठक आहे, तीन सीडी किंवा पाच रेकॉर्ड, अडीच तासांहून जास्त. तुकड्यांत ऐकली तर चढ कळत नाही. रेकॉर्ड प्लेअरवर ऐकणार असाल तर 'युरोप'चा जुना संच आणि २०२२ चा यांत मी नवा घेईन. 'कॉर्नेल' मात्र सीडीवर किंवा फोनवर बरं, कारण पाच रेकॉर्डमध्ये सारखं उठून बाजू पालटावी लागते. युरोपच्या सगळ्या बावीस कार्यक्रमांचा त्र्याहत्तर सीडींचा पेटाराही २०११ मध्ये निघालाय. त्या वाटेला आत्ता जाऊ नका.

'युरोप' दोन-तीन महिने घरात फिरू द्या. 'जॅक स्ट्रॉ' आणि 'ब्राउन-आइड विमेन' तोंडात बसली की एका रात्री फोन दूर ठेवून 'कॉर्नेल' लावा. सगळा वेळ सलग मिळत नसेल तर 'स्कार्लेट'पासून सुरू करा आणि 'मॉर्निंग ड्यू' संपेपर्यंत उठू नका. त्या रात्री लोक बार्टन हॉलमधून बाहेर पडले तेव्हा मे महिना असूनही इथाकात बर्फ पडत होता.