पन्हळीमागची गळती आणि दुरुस्तीच्या नावाखाली झालेली फसवणूक

पन्हळीमागून होणारी गळती कायमची बंद करून देतो, असे सांगून आमच्याकडून पैसे घेणाऱ्या कंत्राटदाराने प्रत्यक्षात काय केले, हे मी मुद्दाम तपशिलाने लिहीत आहे, कारण ही लबाडी पाऊस सुरू होईपर्यंत उघडकीस येत नाही.

छपरावरचे पाणी पन्हळीत पडण्याऐवजी तिच्या मागून, वळचणीच्या फळीवरून भिंतीवर ओघळत होते. कंत्राटदाराने शिडीवर चढून वरवर पाहणी केली आणि पन्हळ बदलून तिच्या मागे पत्र्याची पट्टी बसवावी लागेल, असे सांगितले. दरपत्रकात त्या पट्टीची लांबी आणि जाडीसुद्धा लिहिलेली होती. साहित्यासाठी म्हणून बरीचशी रक्कम त्याने आगाऊ घेतली. काम संपल्यावर त्याने बादलीभर पाणी थेट पन्हळीत ओतून दाखवले. ते उभ्या पाइपातून सुरळीत खाली गेले, भिंत कोरडी राहिली आणि उरलेले पैसे त्याने तिथल्या तिथे वसूल केले.

ही चाचणीच मुळात दिशाभूल करणारी होती. असे पाणी पन्हळीतून गळत नसते. ते छपराच्या कडेवरून सुटून खाली पडण्याऐवजी पृष्ठताणामुळे कडेच्या खालच्या अंगाला चिकटते, मागे वळते आणि पन्हळ व फळी यांच्यामधल्या फटीत शिरते. रिमझिम पावसात हे अधिक होते, कारण जोराचे पाणी कडेवरून पुढे फेकले जाते आणि संथ पाणी कडेला बिलगून राहते. म्हणूनच वरून छपराच्या आवरणाखाली सरकवलेली आणि खालून पन्हळीच्या आत उतरणारी पट्टी आवश्यक असते. पन्हळीत पाणी ओतून ती पट्टी बसवली आहे की नाही, याचा पत्ताच लागत नाही.

पहिल्याच पावसात भिंतीवर पुन्हा ओल उतरली. दुसऱ्या जाणकार कारागिराने पन्हळीचे एक टोक सोडवले, तेव्हा पट्टी कुठेच नव्हती. फटीत नुसते सिलिकॉन भरलेले होते, तेही धूळ न पुसता, ओलसर लाकडावर. टोक धरून ओढताच त्याची अख्खी दोरी हातात आली आणि तिच्या मागे लाकडाचा काळपट भुसा चिकटलेला दिसला. या भरावामुळे आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरली नव्हती आणि पूर्वी धड असलेली फळी कुजू लागली होती, याचा मला सर्वांत अधिक संताप आला. पन्हळही नवी नव्हती. जुनीच रंगवून बसवली होती आणि आधीच्या खिळ्यांची भोके रंगाखालून स्पष्ट दिसत होती. जाब विचारल्यावर, हमी पन्हळीच्या सांध्यांची होती, भिंतीच्या ओलीची नव्हे, असे उत्तर मिळाले.

पन्हळ पाल्याने तुंबली असेल किंवा तिचे आधार सैल होऊन मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली गेली असेल, तरीही पाणी मागून उतरते आणि तेव्हा सफाई किंवा आधार नीट बसवणे पुरेसे असते. त्यामुळे सगळे बदलायला सांगणाऱ्याला आधी नेमके कारण दाखवायला लावावे. पट्टी बसल्यावर, पन्हळ चढवण्यापूर्वी, तिचे फोटो घ्यावेत. हमी भिंतीपर्यंत पोचणाऱ्या पाण्याची असल्याचे लेखी घ्यावे. चाचणीसाठी पाइपाने पाणी छपरावर, कडेपासून बरेच वर, संथ धारेने बराच वेळ सोडावे आणि फळीची मागची बाजू कोरडी असल्याचे स्वतः हात लावून पाहिल्यानंतरच शेवटची रक्कम द्यावी.