निवड झाली, ट्रेनिंग बाकी: घरचा फ्लोटर की वेगळी आरोग्य विमा पॉलिसी?

ग्वाल्हेरला अग्निवीर म्हणून निवड झालेला मुलगा ट्रेनिंग सेंटरला हजर होईपर्यंत लष्कराच्या वैद्यकीय सुविधेत नसतो. तरी रोज पहाटे १६०० मीटरचा सराव चालूच असतो. पाय मुरगळून हाड मोडलं तर खर्च घरचाच.

बाबांच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे अख्ख्या घराच्या एकाच आरोग्य विमा पॉलिसीत, त्याचं नाव जुनं असेल तर तेच ठेवा. प्रतीक्षा काळ, म्हणजे सुरुवातीचा दावा न मिळण्याचा काळ, उलटलेला असतो, त्यामुळे डेंग्यूचा दावाही चालतो. उणीव एकच: रक्कम सगळ्या घरात वाटलेली, आजोबांच्या एका ऑपरेशनमध्ये संपूही शकते.

वेगळ्या पॉलिसीत रक्कम त्याची एकट्याची. पण पहिले ३० दिवस फक्त अपघाताचा दावा चालतो, हर्नियासारख्या ठरावीक आजारांना बहुधा २४ महिने थांबावं लागतं. महिन्याभरात हजर व्हायचं असेल तर घाईने घेऊन अपघातापलीकडे उपयोग नाही. वय १८ पूर्ण नसेल तर प्रस्ताव पालकांच्या नावे भरावा लागतो. जुनी दुखापत लपवली तर दावा फेटाळला जाऊ शकतो. मेडिकलला दाखवलेला गुडघ्याचा एक्स-रेसुद्धा फॉर्ममध्ये लिहा.

आमचं मत फ्लोटरकडे. हजर झाल्यावरही नाव काढू नका. ४ वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) मिळत नाही, तेव्हा हेच सलग नूतनीकरण कामी येतं.