सह्या गोळा कराव्यात की माणसं?

टेकडीचा, नदीचा किंवा आपल्या पेठेतला प्रश्न हाती घेतलेले लोक मला नेहमी विचारतात, की खुल्या याचिका-स्थळावर याचिका टाकावी, की सदस्यांच्या बळावर चालणाऱ्या एखाद्या मंचाशी जोडून घ्यावं? मी दोन्ही करून पाहिलंय.

खुल्या स्थळाचं मोठं सुख म्हणजे कुणाला विचारावं लागत नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून आखलेल्या बालभारती–पौड फाटा रस्त्याचा विषय तापला, तेव्हा रात्री जेवण झाल्यावर बसलो आणि अकराच्या आत याचिका तयार झाली. सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर लिंक टाकली. आठवडाभरात अडीच हजार सह्या झाल्या. फार बरं वाटलं.

मग छापील गठ्ठा घेऊन एका कार्यालयात गेलो. साहेबांनी शांतपणे विचारलं, "यातले पुण्याचे किती?" मला सांगता येईना. यादीत नावं होती; पत्ते नव्हते, फोन नव्हते. नाव-पत्त्यासह रीतसर हरकती द्या म्हणाले. पण त्यासाठी या लोकांना गाठायचं कसं? स्थळामार्फत सगळ्यांना एक सामाईक निरोप तेवढा धाडता यायचा. ओळखीचे चाळीसेक जण सोडले, तर सही करणाऱ्या कुणालाही "सोमवारी या" असं मी फोन करून सांगू शकत नव्हतो. माझं मन तिथेच फिरलं.

२०१५ साली इंटरनेट समानतेसाठी, म्हणजे सगळ्या संकेतस्थळांना सारखीच वागणूक मिळावी म्हणून, ट्राय या दूरसंचार नियामकाकडे दहा लाखांवर ईमेल गेले, ते सल्लामसलतीला दिलेली उत्तरं म्हणून, ज्याच्या त्याच्या नावाने. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने संकेतस्थळानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घातली. निर्णय घेणाऱ्याला हवं त्या रूपात म्हणणं पोचलं, की त्याला बाजूला सारणं अवघड जातं, असं मला वाटतं.

अमेरिकेतल्या मूव्हऑन या सदस्यांच्या बळावर चालणाऱ्या मंचाची सुरुवातही याचिकेनेच झाली. १९९८ मध्ये, क्लिंटन यांच्यावरच्या महाभियोगाच्या वेळी, बर्कलीच्या जोन ब्लेड्स आणि वेस बॉइड या सॉफ्टवेअर व्यवसायातल्या दांपत्याने ती काढली: क्लिंटनवर संसदेने नुसता ठपका ठेवावा आणि देशाच्या पुढच्या प्रश्नांकडे वळावं. पण सही करणाऱ्यांना त्यांनी सोडलं नाही. पुढच्या प्रश्नाला त्याच लोकांना हाक दिली. मला अधिक आवडतो तो त्यांचा २००३ चा संयम. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी कुणाला पाठिंबा द्यायचा यावर सदस्यांचं मतदान घेतलं, हॉवर्ड डीन सुमारे ४४ टक्के मतं मिळवून पहिले आले, पण अट निम्म्याहून अधिक मतांची होती. पाठिंबा कुणालाच दिला नाही. २००८ मध्ये ओबामांना सुमारे ७० टक्के मिळाले, तेव्हा दिला.

आपल्याकडे २०१२ पासूनचा 'झटका' हा मंच याच जातकुळीतला. कोडाईकनालला हिंदुस्थान युनिलिव्हरच्या थर्मामीटर कारखान्यातल्या पाऱ्याने कामगारांना बाधा झाल्याच्या प्रकरणात तो उतरला होता. मार्च २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी कंपनीने तडजोड केली. कामगारांचा स्वतःचा लढा त्याआधी कितीतरी वर्षांचा होता, हे विसरू नये.

मंचांची अडचणही आहे. कुठला विषय घ्यायचा, हे कार्यालयातली चार माणसं ठरवतात, आणि तुमची गल्ली त्यांच्या यादीत बसेलच असं नाही. एका मंचाकडून मला उत्तर यायला तीन आठवडे लागले. हरकतींची मुदत परवा संपत असेल, तर एवढं थांबणं परवडणार नाही. तेव्हा याचिका जरूर टाका, गवगवा तरी होईल. पण प्रश्न वर्षानुवर्षं चालणारा असेल, आणि पुण्यात टेकड्यांचे सगळे तसेच असतात, तर मी मंचाकडे झुकेन. तो मिळाला नाही, तर त्याच पद्धतीने स्वतःची यादी करायला घेईन.

आम्ही तेच केलं. रविवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी वही घेऊन बसतो. आज तिच्यात ६१० नावं आहेत, फोन आणि पिनकोडसकट.